सीमा केंद्राची, नळ राज्याचा

२०११ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एका लहानशा गावाच्या पाणीपुरवठा कार्यालयात सूचना लागली. नवा स्थलांतर कायदा आला आहे, तेव्हा अलाबामाचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा ओळखपत्र दाखवा, नाहीतर पाणी तोडलं जाऊ शकतं, असा तिचा मतलब होता. आता नळाच्या पाण्याचा आणि व्हिसाचा काय संबंध? अमेरिकेतली राज्यं बेकायदा स्थलांतरावर जे कायदे करतात ते समजून घ्यायचे, तर याच प्रश्नापासून सुरुवात केलेली बरी.

बेकायदा स्थलांतर म्हटलं की आपल्याला भिंत दिसते, काटेरी तार दिसते, रात्री नदी ओलांडणारी माणसं दिसतात. पण तिथे राज्याला फारसं काही करता येत नाही. देशात कोण येणार, किती दिवस राहणार आणि कोणाला हाकलायचं, हे तिथे केंद्र सरकार ठरवतं. राज्याच्या हातात उरतं ते माणूस आत आल्यानंतरचं रोजचं आयुष्य. मुलाची शाळा, गाडीचं लायसन्स, दुकानाचा परवाना, घरभाड्याचा करार, रस्त्यात गाडी थांबवणारा पोलीस. त्यामुळे एखाद्या राज्याचं डोकं तापलं की ते या हाताशी असलेल्या वस्तूंपैकी काहीतरी उचलतं. गेल्या पन्नास वर्षांतले बहुतेक गाजलेले कायदे असेच तयार झाले आहेत.

आधी ‘बेकायदा’ म्हणजे काय ते बघू, कारण इथेच पुष्कळांची गल्लत होते. तपासणी नाक्यावर न जाता चोरवाटेनं देशात शिरणं हा केंद्रीय कायद्यानं फौजदारी गुन्हा आहे. पण रीतसर व्हिसावर येऊन मुदत संपल्यावर तिथेच राहून जाणं हा गुन्हा नाही. तो दिवाणी स्वरूपाचा भंग आहे. शिक्षा नाही, पण देशाबाहेर काढता येतं. अशा कागदपत्रं नसलेल्या किंवा कच्ची कागदपत्रं असलेल्या लोकांची संख्या २०२३मध्ये सुमारे १ कोटी ४० लाख होती, असा प्यू रिसर्च सेंटरचा अंदाज आहे. त्यात भारतीयही आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्कराचं विमान अमृतसरला उतरलं तेव्हा त्यात १०४ भारतीय होते. बहुतेक हरयाणा, गुजरात आणि पंजाबचे होते, पण तिघे महाराष्ट्रातलेही होते.

गंमत अशी की हा विषय पहिल्यापासून केंद्राचा नव्हता. अमेरिकेच्या राज्यघटनेत नागरिकत्व देण्याचा अधिकार केंद्राला स्पष्ट शब्दांत दिला आहे, पण परक्यांना आत घेण्या-न घेण्याबद्दल तसं थेट कलम नाही. एकोणिसाव्या शतकात बंदरं असलेली राज्यं आपापले नियम करत. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स जहाजाच्या कप्तानाकडून उतारूंमागे पैसे घेत. १८७४च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला ‘जपान’ नावाचं जहाज लागलं. कॅलिफोर्नियाच्या राज्य अधिकाऱ्यानं त्यातल्या बावीस चिनी स्त्रियांना नुसतं बघून ‘चारित्र्यहीन’ ठरवलं आणि प्रत्येकीसाठी ५०० डॉलरचा जामीन मागितला. कप्तानानं नकार दिला आणि बायका अडकल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८७५-७६च्या सत्रात न्यायालयानं तो राज्य कायदा रद्द केला. कारण साधं होतं: एका राज्याच्या अशा वागण्यानं चीन दुखावला, तर भांडण निस्तरायचं सगळ्या देशानं. परराष्ट्राशी बोलणारं तोंड एकच हवं.

यानंतर केंद्र चिन्यांशी काही मायेनं वागलं असं मात्र नव्हे. १८८२मध्ये त्यानं स्वतःच चिनी मजुरांवर बंदी घातली. मुद्दा फक्त दाराची किल्ली कोणाकडे, एवढाच होता.

आपल्याकडे हा घोळ झाला नाही, कारण घटनाकारांनी सातव्या अनुसूचीत तो विषय सरळ केंद्रसूचीत टाकला. पण कामाला माणसं राज्याचीच लागतात. भारतात केंद्र आपले अधिकार राज्य सरकारांकडे सोपवतं, म्हणून परकीय नागरिकाला पकडायला आपल्याकडे राज्याचे पोलीस जातात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. अमेरिकेत नेमकं इथेच घोडं अडतं. तिथे केंद्र राज्याच्या पोलिसाला हुकूम देऊ शकत नाही आणि राज्याचा पोलीस मनानं केंद्राचं काम करू शकत नाही. ही दुहेरी गाठ लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं.

पहिला मोठा झगडा शाळेवरून झाला. १९७५मध्ये टेक्सासनं कायदा केला: रीतसर प्रवेश न मिळालेल्या मुलांच्या शिक्षणाला राज्य पैसे देणार नाही. मग टायलर गावच्या शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागायला सुरुवात केली. सरकारी शाळा, जिथे शेजारच्या मुलाला एक पैसा पडत नाही! १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी हा कायदा रद्द केला. न्यायमूर्ती ब्रेनन यांचं म्हणणं थोडक्यात असं की, समान संरक्षणाचं कलम ‘नागरिकांना’ नाही, ‘व्यक्तींना’ आहे. आणि आईबापांनी केलेल्या गोष्टीची शिक्षा मुलाला का? एका मताचा निकाल, पण आज अमेरिकेत कागद नसलेलं मूल पहिलीत बसतं ते त्याच्या जोरावर.

बारा वर्षांनी कॅलिफोर्नियानं त्यावर उघड हल्ला केला. नोव्हेंबर १९९४मध्ये ‘प्रस्ताव १८७’ थेट मतदारांपुढे आला आणि जवळजवळ ५९ टक्के मतांनी मंजूर झाला. शाळा बंद, तातडीचे सोडून इतर उपचार बंद आणि शिक्षकानं, दवाखान्यानं संशयितांची खबर द्यायची. लॉस एंजेलिसच्या केंद्रीय न्यायालयानं तो अडवला, पुढे घटनाबाह्य ठरवला आणि १९९९मध्ये नव्या गव्हर्नरनं अपिलाचा नाद सोडला. कायदा म्हणून तो जवळपास जन्मलाच नाही. पण त्या निवडणुकीनं लॅटिनो मतदार असा काही जागा झाला की राज्याच्या राजकारणाचा रंगच बदलला. आजचा कॅलिफोर्निया बघून हे राज्य कधी असं मतदान करेल यावर विश्वास बसत नाही.

आता ॲरिझोना. कायद्याचा कीस पाडायला आवडणाऱ्यांसाठी हे खरं पक्वान्न आहे.

१९८६मध्ये रेगन यांच्या काळात केंद्रानं मोठा सौदा केला. सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर करून घेतलं आणि त्याच वेळी, कागद नसलेल्याला कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड लावला. राज्यांना बजावलं की तुम्ही मालकांना वेगळी शिक्षा करायची नाही. मात्र कंसात एक सवलत ठेवली: ‘परवाने आणि तत्सम कायदे’ सोडून. ॲरिझोनानं २००७मध्ये या कंसात हात घातला. दंड नको ना? ठीक. आम्ही धंद्याचा परवानाच काढून घेऊ. शिवाय प्रत्येक मालकानं ‘ई-व्हेरिफाय’ या केंद्राच्या संगणक प्रणालीवर नव्या कामगाराची खातरजमा करायचीच. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे मान्य केलं. एका कंसानं सबंध राज्याला शस्त्र दिलं. कायदा लिहिणाऱ्यांनी कंस जपून वापरावेत.

हा निकाल यायच्या आधीच ॲरिझोनानं पुढची उडी घेतली होती. २३ एप्रिल २०१० रोजी गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी ‘एसबी १०७०’वर सही केली. एसबी म्हणजे सिनेट बिल. अमेरिकेत कायदे असेच क्रमांकानं ओळखले जातात. त्यामागची कल्पना ‘परकीयांना पिटाळा’ एवढी ढोबळ नव्हती, ती चलाखीची होती. केंद्राचाच कायदा उचलायचा, त्याचं राज्याच्या भाषेत रूपांतर करायचं आणि म्हणायचं, आम्ही वेगळं काही करत नाही, तुम्ही जे करत नाही ते करतोय.

त्यातली चार कलमं सर्वोच्च न्यायालयात गेली. २५ जून २०१२ला निकाल लागला आणि न्यायमूर्ती केनेडी यांनी बहुमताचा निकाल लिहिला. नोंदणीची कागदपत्रं जवळ नसणं हा राज्याचाही गुन्हा, असं एक कलम म्हणत होतं. ते रद्द झालं, कारण परक्यांच्या नोंदणीचं अख्खं क्षेत्र केंद्राचं. परवानगी नसताना काम मागणं हा गुन्हा, हेही गेलं. कारण १९८६मध्ये संसदेनं विचार करून मालकाला धरलं होतं, मजुराला नाही. राज्यानं तो तोल बिघडवायचा नाही. हद्दपार करण्याजोगा वाटला म्हणून वॉरंटशिवाय अटक, हे तिसरं कलमही रद्द झालं. चौथं मात्र वाचलं. पोलिसानं दुसऱ्या कारणानं थांबवलेल्या माणसाबद्दल वाजवी शंका आली, तर त्याचा कायदेशीर दर्जा केंद्राकडे विचारून घ्यायचा. पण तेवढ्यासाठी त्याला जास्त वेळ डांबून ठेवायचं नाही.

या तत्त्वाला वकिली भाषेत ‘प्रीएम्प्शन’ म्हणतात. सोपं करून सांगायचं तर, केंद्रानं एखादं शेत नांगरायला घेतलं असेल तर राज्यानं त्यात दुसरा नांगर घालायचा नाही. त्याच दिशेनं नांगरत असला तरीही नाही.

‘वाजवी शंका’ कशावरून येते? रंगावरून, उच्चारावरून? कायद्यात वंशावरून ठरवू नका असं लिहिलेलं होतं, पण रस्त्यावर उभा असलेला पोलीस काय बघतो हे सांगायला नको. आपल्या लोकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अठरा वर्षांवरच्या परकीय नागरिकानं नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगावा, हा १९५२पासूनचा केंद्रीय नियम आहे. ॲरिझोनाचं कलम रद्द झालं म्हणून तो रद्द झाला नाही. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असलेले कितीजण भाजी आणायला जाताना आय-९४चा, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीचा, कागद घेऊन जातात?

आता परत अलाबामाकडे, त्या नळाकडे.

९ जून २०११ला सही झालेला तिथला ‘एचबी ५६’ (एचबी म्हणजे हाउस बिल) हा सगळ्यांत कडक. ॲरिझोनाचं जवळजवळ सगळं घेतलं आणि वर स्वतःचं मीठमसाला. कागद नसलेल्याशी केलेला करार न्यायालयात चालणार नाही. म्हणजे आठवडाभर छप्पर शाकारून घ्यायचं आणि पैसे द्यायची वेळ आली की हात वर करायचे, तर त्या मजुरानं दाद मागायची कुठे? एका रात्रीचा मुक्काम, खाण्याची खरेदी आणि औषधोपचार असे काही अपवाद होते. कायदा करणाऱ्यानं बसून ही यादी लिहिली असेल, हे डोळ्यांपुढे आणलं की अंगावर काटा येतो. दुसरं कलम म्हणत होतं, अशा माणसानं राज्याशी कोणताही ‘व्यवहार’ करायचा नाही. आणि सरकारी पाण्याचं बिल भरणं हा व्यवहारच की. म्हणून ती सूचना. तिसऱ्या कलमानुसार शाळांनी नव्या मुलाचा जन्म कुठला आणि त्याचा कायदेशीर दर्जा काय याची चौकशी करून आकडे वर पाठवायचे. शाळेतून काढायचं कुठेच म्हटलं नव्हतं, कारण १९८२चा निकाल आडवा होता. नुसतं विचारायचं.

नुसतं विचारणं पुरेसं होतं. २८ सप्टेंबरला केंद्रीय न्यायाधीशांनी बराचसा कायदा लागू होऊ दिला आणि पुढच्या काही दिवसांत राज्यातली दोन हजारांच्या आसपास लॅटिनो मुलं शाळेत आलीच नाहीत. यांतली बरीच मुलं जन्मानं अमेरिकी होती. कुटुंबं रातोरात शेजारच्या राज्यांत गेली. चँडलर माउंटन भागात टोमॅटो वेलींवर सडले, शेतकरी आमदारांवर चिडले. त्याच वर्षी जॉर्जियातही असाच कायदा झाला होता. तिथे मजूर मिळेनात म्हणून प्रोबेशनवरच्या गुन्हेगारांना शेतात पाठवून बघितलं. त्यांतले पुष्कळ पहिल्या दिवशीच काम टाकून गेले.

आणि मग नोव्हेंबरमध्ये टस्कलूसाजवळ पोलिसांनी भाड्याची गाडी थांबवली. आत बसलेल्याकडे फक्त जर्मन ओळखपत्र होतं. नव्या कायद्याप्रमाणे त्याला अटक झाली. तो निघाला मर्सिडीज कंपनीचा अधिकारी, जिचा कारखाना राज्यानं मोठ्या कौतुकानं आणला होता. सहकाऱ्यानं पासपोर्ट आणून दाखवल्यावर तो सुटला. कायदा ज्यांच्यासाठी केला ते आणि तो ज्यांना लागतो ते, यांत एवढा फरक पडू शकतो हे त्या दिवशी राज्याला चांगलंच कळलं.

पुढे अपील न्यायालयानं शाळेचं आणि कराराचं कलम पाडलं, २०१३मध्ये तडजोड झाली आणि दात बरेचसे पडले. पण माझ्या मते या कायद्यांचं खरं काम निकालापूर्वीच झालेलं असतं. अशा कायद्यांचे मसुदे तयार करण्यात पुढे असलेले वकील क्रिस कोबॅक यांच्या विचारसरणीत या युक्तीला नाव होतं: ‘स्वतःहून हद्दपारी’. जगणं इतकं कटकटीचं करायचं की माणूस आपणच बोचकं बांधेल. न्यायालय वर्षभरानं काय म्हणतं याची वाट बघायला हातावर पोट असलेला माणूस थांबत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. काही राज्यं उलट्या दिशेनं कायदे करतात. ओरेगॉननं १९८७मध्येच आपल्या पोलिसांना स्थलांतराच्या कामात खर्ची घालायला मनाई केली. कॅलिफोर्नियानं २०१७मध्ये ‘एसबी ५४’ केला. अशा राज्यांना ‘सँक्च्युअरी’ म्हणतात. आपल्याकडच्या काही बातम्यांत त्याचं भाषांतर ‘अभयारण्य शहरे’ असं येतं आणि डोळ्यांपुढे ताडोबा उभा राहतो. प्रत्यक्षात तिथे केंद्राच्या अधिकाऱ्यांना शिरायला बंदी वगैरे काही नसते. ते येतात, पकडतात, नेतात. राज्य एवढंच म्हणतं की यात आमची माणसं, आमचा तुरुंग, आमचा वेळ मिळणार नाही. केंद्राचा स्थलांतर विभाग, म्हणजे आईस, तुरुंगाला विनंती करतो की अमक्याची सुटका झाली तरी त्याला ४८ तासांपर्यंत धरून ठेवा. न्यायाधीशाचं वॉरंट नसेल तर कॅलिफोर्निया नाही म्हणतं. सुटकेची तारीख कळवायला किंवा आईसच्या ताब्यात द्यायला मात्र गंभीर गुन्ह्यांची लांबलचक यादी अपवाद म्हणून ठेवलेली आहेच. शिवाय अटक झालेल्या प्रत्येकाच्या बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून आईसला कळतं. ते काही राज्याला थांबवता येत नाही.

केंद्र हे सहन का करतं? कारण १९९७चा एक निकाल. बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी शेरीफनं, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखानं, तपासावी असं केंद्रानं ठरवलं होतं. माँटाना आणि ॲरिझोनाच्या दोन शेरीफांनी ते साफ नाकारलं. सर्वोच्च न्यायालयानं त्यांची बाजू उचलली: केंद्रानं राज्याच्या अधिकाऱ्यांना वेठीला धरायचं नाही. बंदूकप्रेमी शेरीफांनी मिळवलेली ती ढाल आज कॅलिफोर्नियाच्या हातात आहे. आधी म्हटलेल्या गाठीचा हा दुसरा फास.

राज्य स्वतः राजी असेल तर मात्र वाट मोकळी. १९९६च्या कायद्यातल्या २८७(जी) या कलमानं केंद्र स्थानिक पोलिसांशी लेखी करार करून त्यांना शिकवून आपलं काम देऊ शकतं. २०२५मध्ये टेक्सासनं तुरुंग चालवणाऱ्या शेरीफांना असा करार सक्तीचा केला. म्हणजे केंद्र सक्ती करू शकत नाही, ती राज्यानं केली.

लायसन्सचंही असंच दोन दिशांना. एकोणीस राज्यं कागद न बघता गाडी चालवायचं लायसन्स देतात. कॅलिफोर्निया २०१५पासून देतं. युक्तिवाद व्यवहारी आहे: तो माणूस गाडी चालवणारच, मग परीक्षा देऊन आणि विमा काढून का नको? फ्लोरिडानं २०२३मध्ये उलट, इतर राज्यांनी दिलेली अशी काही लायसन्स आपल्या रस्त्यांवर अमान्य केली आणि मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी आरोग्ययोजना घेणाऱ्या इस्पितळांना रुग्णाचा कायदेशीर दर्जा विचारायला लावला. उत्तर देणं रुग्णाच्या मर्जीवर आहे, पण प्रश्न विचारावाच लागतो. एच-वनवाल्या मराठी घरांत याची सौम्य आवृत्ती सगळ्यांना ठाऊक आहे. लायसन्सची मुदत व्हिसाच्या मुदतीला बांधलेली असते आणि मुदतवाढीचा कागद यायला उशीर झाला की आठवडाभर दुसऱ्याच्या गाडीतून ऑफिस गाठावं लागतं.

गेल्या काही वर्षांत राज्यांनी नळ सोडून पुन्हा दाराला हात घातला आहे. १८ डिसेंबर २०२३ रोजी गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी सही केलेल्या टेक्सासच्या ‘एसबी ४’नं चोरवाटेनं राज्यात येणं हा राज्याचाच गुन्हा ठरवला. सहा महिन्यांपर्यंत कैद. एकदा हद्दपार झालेला परत आला, तर वीस वर्षांपर्यंत. आणि राज्याचे दंडाधिकारी त्याला मेक्सिकोला परत जायचा हुकूम देऊ शकतील. मेक्सिको म्हणालं, टेक्सासनं पाठवलेलं कोणीही आम्ही घेणार नाही. दीडशे वर्षांपूर्वी त्या चिनी बायकांच्या खटल्यात न्यायालय ज्याला घाबरत होतं, ते हेच. १९ मार्च २०२४ला तर कमालच झाली. दुपारी सर्वोच्च न्यायालयानं कायदा लागू व्हायला मोकळीक दिली आणि त्याच रात्री अपील न्यायालयानं पुन्हा अडवला. काही तास तो कायदा होता, मग नव्हता. जुलै २०२५मध्ये त्या अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक मतानं तो अडवून ठेवला आणि ऑगस्टमध्ये पूर्णपीठानं प्रकरण नव्यानं ऐकायचं ठरवलं. आयोवा आणि ओक्लाहोमानं २०२४मध्ये, फ्लोरिडानं २०२५मध्ये याच धर्तीचे कायदे केले आणि तेही न्यायालयात अडकले.

दरम्यान एक उलटाच प्रकार झाला. राज्यात वाढलेल्या कागद नसलेल्या मुलांना कॉलेजात स्थानिक दरानं फी, हा कायदा देशात पहिल्यांदा केला तो टेक्सासनंच, २००१मध्ये. ४ जून २०२५ रोजी केंद्रानं त्याविरुद्ध दावा लावला. राज्यानं बचाव केलाच नाही, केंद्राशी सहमती दाखवली आणि त्याच दिवशी न्यायाधीशांनी तो बंद केला. चोवीस वर्षांचा कायदा, विधिमंडळात एक मत न पडता, संध्याकाळपर्यंत संपला.

आणि १९८२चा तो एका मताचा निकाल? एप्रिल २०२५मध्ये टेनेसीच्या सिनेटनं त्यालाच आव्हान देणारं विधेयक मंजूर केलं: कागद नसलेल्या मुलांना शाळांना फी लावता यावी, नाहीतर नाकारता यावं. दुसऱ्या सभागृहात ते थांबलं. असं केलं तर शाळांसाठी केंद्राकडून येणारे पैसे बंद होतील का, याचं उत्तर आधी हवं होतं.